ब्रिक्स पाचवर अडकलं, पण सायडर अडकलं नव्हतं

सायडर म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेलं मद्य. इंग्लंडमध्ये परसातल्या सफरचंदांचा रस साधारण 1.045 ते 1.055 घनतेचा (पाणी 1.000) निघतो. यंदाचा 1.050, म्हणजे सुमारे 12.4 ब्रिक्स (रसातल्या साखरेची टक्केवारी). रस आंबायला ठेवल्यावर तीन आठवड्यांनी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे ब्रिक्स मोजायचं उपकरण, 5 दाखवायला लागला आणि तिथेच थांबला. आंबवण अर्ध्यात अडकलं असं वाटून नवीन यीस्ट घालायची घाई इथेच होते. घालू नका.

रिफ्रॅक्टोमीटर प्रकाश किती वळतो ते मोजतो, आणि अल्कोहोलही पाण्यापेक्षा जास्त वळवतं. त्यामुळे आंबवण सुरू झाल्यावर तो आकडा फसवा. तेव्हा हायड्रोमीटरच हवा, म्हणजे द्रवात तरंगून घनता दाखवणारी काचेची नळी. त्यानं 1.000 दाखवलं: साखर जवळजवळ संपलेली, अल्कोहोल साडेसहा टक्के (दोन घनतांमधला फरक गुणिले 131).

हायड्रोमीटरचंही नीट करावं लागतं. नमुना दोन भांड्यांत दहा-बारा वेळा ओतून गॅस काढा. बुडबुडे चिकटले की नळी वर उचलली जाते आणि आकडा वाढतो. मग नळी बोटांनी फिरवून सोडा, द्रवाची कड काचेवर चढते ती सोडून खालची सपाट पातळी वाचा. नळीवर 20 अंश लिहिलेलं असेल आणि रस 10 अंशांवर असेल, तर आकडा दीड पॉइंट (0.0015) जास्त येतो. नळी आधी साध्या पाण्यात तपासलेली बरी, स्वस्त नळ्यांतली कागदी पट्टी सरकलेली असते.

रस 1.045 भरला आणि 1.055 हवा असेल, तर 20 लिटरला अर्धा किलो साखर पुरते.