ऑपरेटिंग सिस्टीम अपग्रेड करायची की नाही, हे मी कसं ठरवते

मी लोकांचे जुने फोटो आणि निगेटिव्ह स्कॅन करून दुरुस्त करते. कुणाच्या आजीचा एकुलता एक फोटो असतो, कुणाच्या लग्नाचे बुरशी लागलेले रोल. हे सगळं काम एका जुन्या फिल्म स्कॅनरवर चालतं. २०१९ च्या डिसेंबरात मी विंडोज ७ काढून विंडोज १० टाकलं, कारण १४ जानेवारी २०२० नंतर विंडोज ७ चे मोफत सुरक्षा अपडेट बंद होणार होते. कारण योग्यच होतं. पण स्कॅनर जोडला आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आला: ‘अननोन डिव्हाइस’, म्हणजे संगणकाला स्कॅनर ओळखताच येईना. विंडोजचे ३२ बिट आणि ६४ बिट असे दोन प्रकार असतात. जुनी सिस्टीम ३२ बिट होती, नवी मी ६४ बिट टाकली होती. ६४ बिट विंडोजवर ३२ बिट ड्रायव्हर (जोडलेली वस्तू चालवणारा छोटा प्रोग्रॅम) चालत नाही आणि माझ्या स्कॅनरसाठी ६४ बिट ड्रायव्हर कधी निघालाच नव्हता. टेबलावर एका कुटुंबाच्या चाळीस निगेटिव्ह होत्या आणि चार दिवसांनी त्या द्यायच्या होत्या.

तेव्हापासून नवीन सिस्टीम कशी आहे, दिसते कशी, वेगवान आहे का, हे मी सगळ्यात शेवटी बघते. आधी बघते तारीख.

तुमच्या सिस्टीमला सुरक्षेचे अपडेट कधीपर्यंत मिळणार आहेत? विंडोज १० ची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेली वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, तीही आपण नोंदणी केली तरच. मुदत संपली म्हणजे संगणक बंद पडत नाही, म्हणून लोकांना वाटतं की काहीच बिघडलं नाही. बिघडतं ते असं: मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका भगदाडासाठी दुरुस्ती दिली. मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा हल्ला त्याच भगदाडातून आत शिरला आणि ज्यांनी दुरुस्ती घेतली नव्हती त्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या. दुरुस्ती येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. मुदत संपलेल्या संगणकापर्यंत अशी दुरुस्ती सहसा पोहोचतच नाही. बँकेचे व्यवहार आणि मेल ज्या संगणकावर होतात, तो मुदतीनंतर इंटरनेटवर ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

इथे एक गल्लत नेहमी होते. दर महिन्याचे सुरक्षा अपडेट वेगळे आणि अख्खी सिस्टीम बदलणं वेगळं. पहिले लगेच घ्या. दुसऱ्याची घाई नको. मुदत शिल्लक असेल तर नवी आवृत्ती आल्यावर मी काही महिने थांबते, तोवर सुरुवातीचे दोष बाहेर येतात.

मग कागद घेऊन टेबलापाशी बसा. संगणकाला जोडलेली प्रत्येक केबल हाताने धरून दुसऱ्या टोकाला काय आहे ते लिहा: प्रिंटर, स्कॅनर, मायक्रोफोन, सही करायचं टोकन. माझ्या यादीत अकरा वस्तू निघाल्या, आठवून लिहिल्या तेव्हा सहाच होत्या. प्रत्येकीचा मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या साइटवर नव्या सिस्टीमचा ड्रायव्हर आहे का ते बघा. सॉफ्टवेअरचंही तसंच, विशेषतः एकदाच विकत घेतलेलं आणि वर्षानुवर्षं वापरात असलेलं. त्याची लायसन्स की सापडते का, तेही आजच बघा. वर्षातून एकदाच लागणारा प्रोग्रॅम यादीतून हमखास निसटतो.

आता यंत्राकडे या. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट (सुरू होताना परकं सॉफ्टवेअर रोखणारी सोय) आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप किंवा प्रोसेसरमधली तशी सोय) लागतं, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा. शिवाय ते फक्त ६४ बिटमध्ये येतं. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग अबाउट उघडलं की तुमची सिस्टीम किती बिटची आहे ते कळतं. ३२ बिट असेल तर वरच्या वर अपग्रेड होत नाही, सगळं नव्याने टाकावं लागतं. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे मोफत साधन बाकीचं तपासून देतं. ते ‘टीपीएम नाही’ म्हणालं तरी लगेच हात टेकू नका. पुष्कळदा ते असतं, पण बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद असतं. इंटेलमध्ये पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम या नावाने शोधा.

मात्र बायॉसला हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजमधली, डिस्क कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट करणारी सोय) रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. माझ्या भाचीच्या लॅपटॉपवर मी सिक्युअर बूट चालू केलं आणि पुढच्याच क्षणी निळ्या पडद्यावर ४८ अंकी की मागितली गेली. डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे हे तिला माहीतही नव्हतं. तिच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती की सापडली, पण खात्याचा पासवर्ड आठवेपर्यंतचा तो अर्धा तास मी विसरणार नाही. त्या लॅपटॉपवर तिचा प्रबंध होता.

रॅमच्या आकड्याबद्दल स्पष्ट सांगते: ४ जीबीवर विंडोज ११ चालू होतं, काम होत नाही. ८ च्या खाली जाऊ नका. आणि डिस्क फिरणारी, जुनी हार्ड डिस्क असेल तर अपग्रेडआधी एसएसडी, म्हणजे न फिरणारी, खूप वेगवान डिस्क बसवा. बऱ्याच जणांना हवा असतो तो वेग तिथेच मिळतो, सिस्टीम बदलायची गरजच उरत नाही.

अटी चुकवून विंडोज ११ बसवायच्या युक्त्या आहेत. अशा संगणकाला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि आपण तर अपडेटसाठीच हा खटाटोप करतोय. त्यापेक्षा लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम पेन ड्राइव्हवर घेऊन, काहीही न पुसता, तिथूनच संगणक सुरू करून बघा. माझा जुना फ्लॅटबेड स्कॅनर त्यात जोडताक्षणी ओळखला गेला.

मॅकवाल्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की तिथे मागे फिरणं सोपं नाही. आधी टाइम मशीनचा (मॅकमधलंच बॅकअपचं साधन) बॅकअप घ्या. २०१९ च्या कॅटलिना या मॅकच्या आवृत्तीपासून ३२ बिट अ‍ॅप चालत नाहीत.

बॅकअप घेतला म्हणजे झालं असं मी मानत नाही. त्यातल्या तीन फायली दुसऱ्या संगणकावर उघडून बघते: एक फोटो, एक हिशेबाची, एक सगळ्यात जुनी. एकदा बॅकअपमधल्या एका जुन्या फोल्डरमध्ये फायलींची नावं होती आणि आकार शून्य.

अपग्रेडचा दिवस असा निवडा की पुढचा आठवडाभर काही द्यायचं नसेल. विंडोज ११ आवडलं नाही तर साधारण १० दिवसांत मागे जाता येतं. जुनी सिस्टीम तोवर ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डरमध्ये असते. जागा करायला ते फोल्डर पुसलंत तर परतीचा रस्ता गेला. त्या दहा दिवसांत यादीतली प्रत्येक वस्तू खरोखर वापरा: एक पान छापा, एक निगेटिव्ह स्कॅन करा, टोकनने एक सही करा.

माझा फिल्म स्कॅनर अजूनही ३२ बिट विंडोज ७ वरच चालतो, एका जुन्या डेस्कटॉपवर. त्याची नेटवर्क केबल मी काढून टाकली आहे आणि वायफाय त्यात नाही. स्कॅन झालेल्या फायली पेन ड्राइव्हवरून नव्या संगणकावर येतात आणि तिथे दुरुस्त होतात. तो पेन ड्राइव्ह मी दुसऱ्या कुठल्याच कामाला वापरत नाही. त्या चाळीस निगेटिव्ह याच जोडणीवर, ठरल्या दिवशी पूर्ण झाल्या.