बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री चालवताय? कामगारांच्या तपासणीचं आधी बघा
फाउंड्रीचं ऑफिस सांभाळतो म्हणून नव्या मालकांना सांगतो: सुरुवात फेटलिंगपासून, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करतात तिथून करा. तिथं ग्राइंडर लागला की सिलिकाची बारीक धूळ उडते आणि आमची पोरं तोंडाला टॉवेल गुंडाळून बिनधास्त बसतात. टॉवेलनं घाम पुसला जातो, ही धूळ अडत नाही. छातीचा एक्स-रे, नळीत फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी आणि कानांची तपासणी कामावर घेतानाच करा; पुढं तुलनेला तोच कागद लागतो.

खर्च मालकाचा. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेप्रमाणे तपासणीचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत. सिलिकोसिस, म्हणजे या धुळीनं होणारा फुप्फुसांचा आजार, निघाला तर कारखाने खात्याला कळवावंच लागतं. ‘विडीचा खोकला’ म्हणून दडपू नका.

ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं, सोपं आहे. 10 माणसं झाली की लागू, महिन्याचा पगार 21,000 पर्यंत, पगाराच्या मालकाचे 3.25 टक्के, कामगाराचे 0.75. पण ईएसआय भरला म्हणून तपासणी सुटत नाही, हे बऱ्याच जणांना पटत नाही बघा!

कंत्राटदाराची खानापूरकडची माणसंही यादीत घ्या. रिपोर्टची प्रत ज्याची त्याला द्या आणि आत काय लिहिलंय ते मराठीत समजावून सांगा.