कुत्र्या-मांजरांची औषधं ऑनलाइन मागवताना

थायरॉईड, हृदयविकार, फिट्स अशा दुखण्यांवर रोजची गोळी वर्षानुवर्षं चालते. ऑनलाइन खरेदीत खरी बचत होते ती इथेच. व्हेटकडून चिठ्ठीवर ब्रँडसोबत मूळ औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि प्राण्याचं वजन लिहून घ्या. मग डिलिव्हरीचे पैसे धरून गोळी केवढ्याला पडते ते ताडून पाहा. सदाशिव पेठेतल्या औषधबाजारातही एकदा विचारा. कधी कधी तिथेच स्वस्त मिळतं. चिठ्ठी न मागता शेड्यूल एचचं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचं, औषध देणारी साइट मात्र सरळ सोडून द्या.

स्वस्त पडते म्हणून माणसांची गोळी व्हेटला न विचारता कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर बेततं, आणि माणसांच्या काही सिरपमधलं झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) कुत्र्यांना विषारी असतं.

इन्सुलिनची न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. एप्रिल-मेच्या पुण्यात कुरियरच्या गाडीत ती तापली तर पैसे वाया, म्हणून ती जवळच्याच दुकानातून बर्फाला थेट न टेकवता थंड पिशवीत घालून आणा. बाकीच्या औषधांची पुढची ऑर्डर आठवडाभराचा साठा हातात असतानाच टाका. फिट्सची गोळी तर अचानक बंद पडता कामा नये.