जुनी जीप घरी दुरुस्त करताना: कोणत्या कामाला आधी हात घालावा

पंचवीस-तीस वर्षे वापरलेली महिंद्राची जीप विकत घेणारा माणूस पहिल्या महिन्यात बहुधा दोनच कामे करतो: गाडीला नवा रंग देतो आणि रुंद टायर चढवतो. खरे पाहता ही दोन्ही कामे सर्वांत शेवटची आहेत. रंगाखालचा गंज आपले काम चालूच ठेवतो, आणि रुंद टायरांचा भार ज्या किंगपिनांवर (पुढची चाके ज्यांवर वळतात त्या खुंट्यांवर) पडतो त्यांची झीज तोपर्यंत कोणी तपासलेलीच नसते. म्हणून घरच्या अंगणात काम करणाऱ्याने ब्रेक प्रथम, स्टिअरिंग व पुढचा ॲक्सल त्यानंतर, मग तेले आणि पाणी, मग इंजिन आणि अखेरीस पत्रा असा क्रम ठेवावा. हे विवेचन मुख्यतः सीजे ५०० डी, एमएम ५४० आणि त्यांच्या जातकुळीतील डिझेल जिपा डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

हत्यारे आणि गाडी उचलणे

या जिपांचा वंश अमेरिकन विलीजपासून सुरू होतो. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्राने मुंबईत विलीज जिपांची जुळणी सुरू केली आणि मूळ मापे पुढे अनेक वर्षे तशीच राहिली. त्यामुळे चेसिस, ॲक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग) यांचे पुष्कळसे नटबोल्ट इंचाच्या मापाचे असतात, तर एमएम ५४० मध्ये बसवलेले प्युजोचे २११२ सीसीचे एक्सडीपी ४.९० हे इंजिन मिलिमीटरच्या मापाचे असते. एकाच गाडीला दोन मापांचे पाने लागतात, ही गोष्ट नवख्याच्या लक्षात येईपर्यंत दोन-चार बोल्टांची डोकी गोल झालेली असतात. चार सुताचा, म्हणजे अर्ध्या इंचाचा बोल्ट १२.७ मिलिमीटरचा असतो. त्यावर १३ चा पाना बसतो खरा, पण गंजलेला बोल्ट सोडवताना हमखास घसरतो. साडेचार सुताच्या बोल्टाचे माप १४.२९ मिलिमीटर भरते, तेव्हा त्यावर १४ चा पाना चढत नाही आणि १५ चा ढिला पडतो. सहा सुताला १९ चा पाना मात्र निर्धास्त चालतो. इंची मापाच्या रिंग पान्यांचा आणि गोटी पान्यांचा एक संच आधी घ्यावा. जुन्या बाजारात चांगल्या प्रतीचे पाने अजूनही मिळतात.

जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. चाक काढायचे असो वा नुसते खाली डोकावायचे असो, ॲक्सलखाली किंवा चेसिसखाली लोखंडी घोड्या लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नये. या जिपांत एक मोठा धोका असा, की पुष्कळ जुन्या मॉडेलांचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या व मागच्या ॲक्सलला ताकद वाटून देणाऱ्या डब्याच्या) मागे, प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्यावर असतो. मागचे एक चाक उचलले की शाफ्ट अडलेला असूनही डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळे फिरू देणाऱ्या गिअरांमुळे) ते उचललेले चाक एका दिशेने आणि जमिनीवरचे दुसऱ्या दिशेने फिरू शकते, आणि हँडब्रेक ओढलेला असतानाही गाडी घरंगळते. शाफ्ट सोडला तर हँडब्रेक उरतच नाही. म्हणून जमिनीवरच्या चाकांना पुढून आणि मागून अशी दोन्हीकडून उटी लावावी. काही जुन्या जिपांच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. नट सुटत नाही म्हणून पान्यावर उभे राहण्यापूर्वी ही शक्यता तपासावी, नाहीतर स्टड तुटतो.

ब्रेक

चारही ड्रम काढून आत पाहणे हे पहिले काम. आतील धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने किंवा तोंडाने उडवू नये, कारण जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. ड्रममध्ये ओल दिसली तर ती कशाची आहे हे ओळखणे महत्त्वाचे असते. ब्रेक ऑइल पातळ असते आणि बोटाला फारसे चिकटत नाही. ते व्हील सिलिंडरच्या रबरी वॉशरमधून आलेले असते. गिअर ऑइल घट्ट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ते ॲक्सलच्या ऑइल सीलमधून आलेले असते. कारण दूर न करता नुसते ब्रेक शू बदलले तर नवी लायनिंगही महिन्याभरात भिजते. तेल पिलेली लायनिंग पेट्रोलने धुऊन किंवा भाजून पुन्हा बसवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे; ती साफ चुकीची आहे, कारण तापल्यावर तेल पुन्हा वर येते आणि आंबेनळी किंवा वरंधसारखा घाट उतरताना गाडी एका बाजूला ओढू लागते.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीच्या कोऱ्या तेलाचा उकळबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पण पाणी शोषल्यावर त्याची मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. लांब उतारावर ड्रम तापले की अशा तेलाची वाफ होते आणि पेडल फळीपर्यंत जाते. दर दोन वर्षांनी सगळे तेल बदलावे. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करावी. आपल्याकडच्या उजव्या हाताच्या गाडीत हा क्रम बहुधा मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे असा येतो. निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक थोडे तेल घातलेल्या काचेच्या बाटलीत बुडवून ठेवावे, म्हणजे बुडबुडे दिसतात आणि पेडल सोडताना हवा परत आत जात नाही. मास्टर सिलिंडरची टाकी मध्येच रिकामी होऊ दिली तर सगळे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. हे तेल रंगावर सांडले तर रंग सोलून काढते, तेव्हा जवळ पाण्याची बादली असावी.

स्टिअरिंग आणि पुढचा ॲक्सल

साठच्या वेगाला, विशेषतः एखादा खड्डा लागल्यानंतर पुढची चाके जोरात थरथरू लागणे, ही जुन्या जिपेची सर्वांत सामान्य तक्रार असते. त्यावर लोक स्टिअरिंग डॅम्पर बसवून मोकळे होतात. डॅम्परने थरथर दबते, पण झीज तशीच राहते. पुढचे चाक उचलून वर आणि खाली हात धरून हलवून पाहावे. हलत असेल तर एकाला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे. तसाच राहिला तर किंगपिनमध्ये. नंतर चाक डावी-उजवीकडून धरून हलवावे. तिथे ढिलेपणा असेल तर टाय रॉड एंड तपासावेत. चाके जमिनीवर असताना एकाने स्टिअरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने खाली पाहावे: कोणता सांधा आधी हलतो आणि कोणता उशिरा, हे उघड्या डोळ्यांना दिसते.

बंद गोळ्याच्या, म्हणजे चाकाजवळचा वळता सांधा गोल कवचात झाकलेल्या, पुढच्या ॲक्सलमध्ये किंगपिनच्या टोपीखाली पातळ पत्र्यांचे शिम असतात. बेअरिंग चांगले असेल तर थोडे शिम कमी करून ढिलेपणा काढता येतो, पण एका वेळी एकच पातळ शिम काढावा आणि गोळा हाताने फिरवून पाहावा. तो अडखळत फिरू लागला तर बेअरिंगच्या वाटीत खड्डे पडले आहेत असे समजून नवीन संच घालावा. गोळ्यातून गळणारे तेल सीलमुळेच गळते असे नाही. गंजून खडबडीत झालेल्या गोळ्यावर नवा सीलही टिकत नाही. गोळ्याचा पृष्ठभाग आधी बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करावा.

पाट्यांबद्दल एक सूचना खास आपल्याकडची आहे. पश्चिम महाराष्ट्रातील अनेक जिपा आयुष्याची काही वर्षे वडाप (खासगी प्रवासी वाहतूक) म्हणून धावलेल्या असतात आणि पंधरा-सोळा माणसे वाहण्यासाठी त्यांच्या मागच्या पाट्यांत जादा पाने (पोलादी पट्ट्या) चढवलेली असतात. रिकाम्या गाडीला अशी कमान इतकी कडक होते, की मागचा भाग उड्या मारतो. कॅटलॉगमधील संख्येशी पाने ताडून जादाची काढावीत, पानांमधला गंज घासून ग्रॅफाइट ग्रीस लावावे, शॅकलचे (पाट्याचे टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीचे) गुटके बदलावेत आणि सेंटर बोल्ट शाबूत आहे का हे पाहावे. तो तुटला असेल तर ॲक्सल मागे-पुढे सरकतो आणि गाडी तिरकी चालते.

तेले, शाफ्ट आणि पाणी

प्रोपेलर शाफ्ट काढण्यापूर्वी दोन्ही तुकड्यांवर खूण करावी. सरकणाऱ्या सांध्याच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत नसतील तर नवे क्रॉस (शाफ्टच्या सांध्यातले चौफुले) घालूनही गाडी हादरते, आणि मग दोष नसलेल्या गिअरबॉक्सवर खर्च होतो. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्यामधला सील झिजला की तेल एका डब्यातून दुसऱ्यात जाते. एकात पातळी वाढलेली आणि दुसऱ्यात कमी आढळली तर त्याचे कारण हेच असते. ॲक्सलला हायपॉइड गिअरसाठीचे ९० नंबरचे तेल योग्य, परंतु गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगा असल्याने तिथे जीएल ४ प्रतीचेच तेल घालावे.

ॲक्सलच्या हौसिंगवरचा लहानसा ब्रीदर चिखलाने बुजला तर आतली तापलेली हवा सीलमधून तेल बाहेर ढकलते. उलटपक्षी, तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकुंचन पावते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. पाण्यातून गेल्यावर दुसऱ्या दिवशी ड्रेनचा बोल्ट किंचित सैल करून पाहावे. तेल ताकासारखे पांढरट दिसले तर ते त्याच दिवशी बदलावे. फोर व्हील महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर वापरावे, म्हणजे लिव्हर जाम होत नाही. डांबरी रस्त्यावर ते लावल्यास पुढच्या व मागच्या शाफ्टच्या वेगातील फरक सामावायला जागा उरत नाही आणि ट्रान्सफर केसवर ताण येतो.

रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालू नये. त्यातील क्षारांचा थर नळ्यांत साचतो. शुद्ध पाणी आणि कूलंट समप्रमाणात घालावे. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला अनेक मिस्त्री देतात. त्याने सुई खाली येते खरी, पण इंजिन कायम थंड चालते, डिझेल जास्त पिते आणि लवकर झिजते.

इंजिन

इंजिन उघडण्याची घाई करू नये. धूर पुष्कळ काही सांगतो. थंड असताना पांढरा धूर येऊन गाडी उशिरा सुरू होत असेल तर आधी हीटर प्लग तपासावेत: तार सोडून मल्टिमीटरने पाहिल्यास जळालेला प्लग जोडणीच दाखवत नाही. काळा धूर आला तर एअर फिल्टर आणि नंतर नोझल पाहावेत. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. डिझेल फिल्टर बदलल्यावर लाइनमध्ये शिरलेली हवा हँड प्रायमरने काढावी: फिल्टरचा ब्लीड स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत पंप मारावा. नोझल बाहेर काढून त्याचा फवारा हाताजवळ तपासण्याचा प्रयोग कदापि करू नये, कारण तो कातडी भेदून आत शिरतो आणि बोट गमवावे लागू शकते. नोझल आणि फ्युएल पंप यांचे काम टेस्ट बेंच असलेल्या दुकानातच द्यावे.

सेल्फ मंद फिरत असेल तर नवी बॅटरी घेण्यापूर्वी इंजिन आणि चेसिस यांमधली अर्थची पट्टी काढून दोन्ही टोके घासावीत. पूर्ण भारलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते, आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत.

पत्रा आणि चेसिस

कोकणातील खारी हवा फ्लोअरचा पत्रा खालून खाते. वाळूत किंवा किनाऱ्यावर गाडी नेली असेल तर त्याच संध्याकाळी चेसिसच्या आतल्या बाजूला गोड्या पाण्याची नळी लावून धुवावे आणि पाणी निघून जाण्याची भोके मोकळी आहेत का ते पाहावे. पावसाळ्यापूर्वी जळके तेल आणि डिझेल यांचा फवारा मारण्याची जुनी प्रथा आहे. त्याने लोखंड वाचते, पण रबरी गुटके आणि ब्रेकचे होज फुगून सडतात, शिवाय ते तेल जमिनीत उतरते. त्यापेक्षा गंज घासून रेड ऑक्साइड आणि त्यावर इनॅमलचा हात द्यावा. घासताना चेसिसवर कोरलेल्या क्रमांकाला ग्राइंडर लागू देऊ नये. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते आणि तपासणीच्या वेळी त्या क्रमांकाचा पेन्सिलने ठसा घेतला जातो. अस्पष्ट क्रमांकापायी उत्तम चालणारी गाडीही अडकून पडते.

काम संपल्यावर पहिली फेरी मोकळ्या मैदानात, दहा-पंधराच्या वेगाने घ्यावी आणि फक्त ब्रेक तपासावेत. पन्नास किलोमीटरनंतर चाकांचे नट आणि पाचशे किलोमीटरनंतर पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळावेत, कारण नव्याने बसवलेली पाने चालताना दबतात आणि आवळलेला बोल्ट आपोआप सैल पडतो.