बोटीच्या इंजिन-तेलात पाणी आढळल्यास या चुका टाळा

नाथसागरात डिझेल बोट चालवणाऱ्याला डिपस्टिकवर (तेल मोजण्याच्या पट्टीवर) दुधाळ तेल दिसले आणि पैठणच्या मिस्त्रीने ट्रॅक्टरच्या सवयीने लगेच ‘हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरचे हेड यांमधले सील) गेले’ असे ठरवले, तर इंजिन विनाकारण उघडले जाण्याची शक्यता मोठी असते. ट्रॅक्टरच्या तेलात उतरणारे पाणी बहुधा रेडिएटरचे असते. बोटीत मात्र अनेकदा टाकीतले बंदिस्त कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आणि जलाशयातून पंपाने ओढलेले पाणी असे दोन प्रवाह असतात. म्हणून टाकीची पातळी घटते का, हे सर्वांत आधी पाहावे. तेल दुधाळ होत असूनही टाकी भरलेलीच राहत असेल, तर संशय पंपाचे सील आणि एक्झॉस्टचा एल्बो (जिथे धुरात पाणी सोडले जाते तो वाकडा पाइप) यांच्यावर घ्यावा. गिअरवर चालणाऱ्या पंपात दोन सीलांमधून गळती बाहेर सोडणारे बारीक छिद्र असते. ते गाळाने बुजले, की पाणी इंजिनात शिरू शकते.

पातळी घटत असल्यास ऑइल कूलर (कूलंटने तेल थंड करणारा भाग) आधी तपासावा, कारण तो हेड न उघडता काढता येतो. इंजिन चालू असताना तेलाचा दाब कूलंटपेक्षा जास्त असल्यामुळे फुटक्या कूलरमधून तेल टाकीत जाते. इंजिन बंद केल्यावर तेलाचा दाब शून्यावर येतो, पण गरम कूलंटचा दाब टिकून राहतो आणि ते तेलात उतरते. चालू इंजिनच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट किंवा तडकलेले हेड हा संशय बळावतो.

यापैकी काहीच आढळले नाही, तर चेंबर (इंजिनच्या तळाचे तेलाचे भांडे) उतरवून, थंड इंजिनच्या कूलंटला टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या मर्यादेइतकाच दाब द्यावा आणि थेंब कुठून पडतो ते खालून पाहावे. लायनरच्या (सिलिंडरमधल्या नळीच्या) बाहेरच्या कडेने ओघळ आला, तर ओ-रिंग (लायनरभोवतीचे रबरी सील) गेलेली असते. आतून आला, तर लायनरला छिद्र आहे किंवा वरून, म्हणजे हेडकडून, पाणी येत आहे. आपल्याकडे कूलंटऐवजी बोअरचे क्षारयुक्त पाणी टाकीत भरण्याचा मोह होतो, पण त्याने क्षार साचतात आणि लायनर पोखरला जाण्याचा धोका वाढतो.

पावसाळ्यात फक्त तेलाच्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस दिसणे ही बहुतेकदा साचलेली वाफ असते. त्यावरून इंजिन उघडू नये. मात्र डिपस्टिकवरचे तेलच दुधाळ असेल, तर नुसते तेल बदलून फेरी मारू नये, कारण पाणी मिसळलेल्या तेलाचा थर बेअरिंगला वाचवू शकत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असल्याची शंका असताना स्टार्टर तर मुळीच फिरवू नये. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो. आधी इंजेक्टर काढावेत, मग इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढावे.