संशोधनासाठी टिपणे काढायला विद्यार्थ्यांना कसे शिकवावे

अकरावी-बारावीच्या किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी टिपणे काढायला सांगितले, की बरेच जण पुस्तकातले परिच्छेद जसेच्या तसे वहीत उतरवतात, नाहीतर पानांचे मोबाइलवर फोटो काढून मोकळे होतात. यात त्यांचा दोष फारसा नाही, कारण शिक्षकांनी सांगायचे आणि आपण लिहून घ्यायचे, एवढाच नोट्सचा अनुभव शाळेने त्यांना दिलेला असतो. संशोधनाचे टिपण महिन्याभराने, मूळ पुस्तक ग्रंथालयात परत गेल्यावर, लेखनाला पुरे पडावे लागते.

सरावासाठी विषय जवळचा आणि वेगवेगळ्या प्रकारची साधने उपलब्ध असलेला निवडावा. ‘१९७२चा दुष्काळ आणि आपला तालुका’ हा महाराष्ट्रातल्या बऱ्याच महाविद्यालयांना सोयीचा विषय आहे. त्यासाठी पुस्तके आहेत, जुन्या वृत्तपत्रांचे अंक आहेत आणि दुष्काळ स्वतः पाहिलेली माणसे घरोघरी आहेत. मात्र वाचनाला हात घालण्यापूर्वी विषयाचा प्रश्न करून घ्यावा. ‘दुष्काळाची माहिती’ एवढेच मनात ठेवून वाचणाऱ्याला प्रत्येक ओळ महत्त्वाची वाटते. ‘आपल्या परिसरातल्या दुष्काळी कामांवर स्त्रियांच्या वाट्याला कोणती कामे आली?’ असा प्रश्न समोर असला, की काय सोडायचे ते आपोआप ठरू लागते. दहावीपर्यंत केलेल्या सारांशलेखनाची सवय येथे थोडी आड येते. सारांशात संपूर्ण उताऱ्याला न्याय द्यायचा असतो, तर टिपणात आपल्या प्रश्नाशी संबंध नसलेली पाने खुशाल वगळायची असतात.

वहीऐवजी पोस्टकार्डाएवढे जाड कागद द्यावेत आणि एका कागदावर एकच मुद्दा लिहायला लावावा. सर्वांत आधी वर साधनाचे नाव, लेखक, प्रकाशनवर्ष आणि पृष्ठक्रमांक लिहावा, मुद्दा त्यानंतर. ‘संदर्भ नंतर टाकतो’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला तेथेच थांबवावे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली सुरू झालेल्या संस्कृत कोशाच्या कामासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या; शब्द कोणत्या ग्रंथात आला याची नोंद नसती, तर त्यांतली एकही चिठ्ठी कोशकाराच्या कामाची राहिली नसती. प्रकाशनवर्ष लिहिण्याचा लाभ तर लगेच दिसतो. जिल्हा गॅझेटिअरची हाती आलेली आवृत्ती १९७२च्या आधीची असेल, तर तीत त्या दुष्काळाचा शोध घेण्यात वेळ जात नाही.

माझ्या मते शिकवण्याचा निम्मा वेळ पुढच्या गोष्टीला द्यावा. टिपणात लेखकाचे शब्द, लेखकाचा आशय आणि विद्यार्थ्याचे स्वतःचे मत या तीन गोष्टी एकमेकींत मिसळता कामा नयेत. शब्दशः घेतलेला मजकूर, मग तो चार शब्दांचा असला तरी, अवतरणचिन्हांत असावा. आशय स्वतःच्या भाषेत लिहावा. आणि स्वतःचे मत खाली रेघ मारून ‘माझे’ असे लिहून नोंदवावे. वाङ्मयचौर्याची कितीतरी प्रकरणे लबाडीतून नव्हे, तर या तीन गोष्टींच्या सरमिसळीतून उद्भवतात. आशय स्वतःच्या भाषेत येण्यासाठी एक साधा सराव करून घ्यावा: पान दोनदा वाचावे, पुस्तक मिटावे, टिपण लिहावे आणि मगच पुस्तक उघडून नावे, आकडे व तारखा ताडून पाहाव्यात. पुस्तक उघडे ठेवून लिहिणाऱ्याच्या हातून लेखकाचीच वाक्ये किरकोळ फेरफार करून उतरतात.

मुलाखतीच्या टिपणांना अधिक जपावे लागते. समजा, एका आजींनी सांगितले, ‘थोरल्याच्या लग्नाच्या आदल्या साली रोजगार हमीवर खडी फोडायला जायचो, तिथंच सुकडी मिळायची.’ विद्यार्थी घाईने ‘१९७२, रोजगार हमी’ असे लिहून मोकळा होतो. वस्तुतः आजींचे वाक्य जसेच्या तसे लिहून, खाली ‘माझे’ या भागात लग्नाच्या सालावरून काढलेला काळ आणि एक शंका नोंदवायला हवी. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, तेव्हा आजी १९७२–७३च्या दुष्काळी कामांनाच पुढे रूढ झालेले नाव देत असतील काय? ही शंका टिपणात उतरली तर तिचा पाठपुरावा होतो. आजींचे वाक्य परस्पर ‘दुरुस्त’ केले, तर लोकांच्या आठवणीत दोन गोष्टी एक कशा झाल्या, हा खरा रंजक धागाच हातातून निसटतो. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण केले असले तरी टिपण त्याच दिवशी पूर्ण करावे, आणि ध्वनिमुद्रणासाठी व नाव वापरण्यासाठी परवानगी आधी घ्यावी.

फोटोंना सरसकट बंदी घालू नये. जीर्ण वृत्तपत्राच्या पानासाठी, ग्रंथालयाची परवानगी असल्यास, तो उत्तम उपाय आहे. फक्त प्रत्येक फोटोसाठी एक कार्ड लिहिल्याशिवाय पुढचा फोटो काढायचा नाही, असा नियम असावा.

आठवड्याभराने विद्यार्थ्यांना आपापसांत कार्डे बदलायला सांगून, केवळ दुसऱ्याच्या कार्डांवरून एक परिच्छेद लिहायला लावावा. ‘हे वाक्य कोणाचे?’, ‘हा आकडा कुठला?’ असे प्रश्न वर्गात उठू लागतात, आणि शिक्षकाने लाल शाईने केलेल्या खुणांपेक्षा सोबत्याचे हे प्रश्न अधिक लागू पडतात. मूळ विद्यार्थ्याने ती कार्डे दुरुस्त करून परत आणल्यावर त्यांनाच स्वतंत्र गुण द्यावेत. नुसत्या अंतिम प्रकल्पाला गुण दिले, तर टिपणे प्रकल्प लिहून झाल्यावर मागाहून तयार केली जातात. मग कार्डे बाकावर मांडून त्यांचा क्रम लावायला सांगावा आणि ज्या मुद्द्यासाठी एकच साधन सापडले आहे, ती कार्डे वेगळी काढून ग्रंथालयाची पुढची फेरी त्यांच्यासाठी राखावी.