छातीत गळू झालंय? चिरा मारण्याआधी या चुका टाळा

खानापूरची माझी जाऊ, बाळ पाच आठवड्यांचं. उजव्या छातीत लाल गाठ, ठणका, थंडी वाजून ताप. सासूबाईंनी अळशीचं पोटीस बांधलं आणि दूध मोकळं व्हावं म्हणून दाबून दाबून चोळलं. माया खरी, पण चूक तिथेच झाली. जोरात चोळलं की आतली सूज वाढते. त्यापेक्षा थंड पट्टी बरी.

दुसरी चूक म्हणजे बाळाला तोडणं. "पू पोटात जाईल," असं शेजारच्या मावशी सांगून गेल्या. सहसा त्याच बाजूला पाजलेलं चालतं. बोंडाजवळच जखम असेल किंवा दुखणं सोसवत नसेल तर हाताने दूध काढायचं. एकदम थांबवलं तर दूध साचून त्रास वाढतो.

गाठीत पू आहे की नुसती सूज, हे हाताला नेहमी कळत नाही. सोनोग्राफी लागतेच. सूज असेल तर गोळ्या पुरतात, पू साठला असेल तर तो काढावाच लागतो. त्यासाठी दरवेळी चिरा लागत नाही, हे आपल्याकडे अजून फार जणींना माहीत नाही. बेळगावला जागेवर भूल देऊन, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत जाड सुईने पू ओढला. हळदीच्या ताकासारखा, सिरिंज भरून. थोडा तपासणीला पाठवला, म्हणजे कुठलं अँटिबायोटिक लागू पडेल ते कळतं. टाका नाही, संध्याकाळी घरी. गळू ३ सेंमीपेक्षा मोठं असेल तर काही वेळा बारीक नळी ठेवतात. वरची कातडी पातळ, काळपट झाली असेल तर मात्र चिरा टळत नाही.

सगळ्यात महाग पडते ती पुढची चूक. नर्स म्हणाली, "आक्का, परवा परत या." घरी आल्यावर ताप उतरला आणि जाऊ म्हणाली, "पू गेला की, आता कशाला जायचं?" पू पुन्हा भरतो, म्हणून दोन-तीन दिवसांनी परत बघावं लागतं, कधी पुन्हा सुई लागते. चिठ्ठी कन्नडमधली, त्यातला 'कीवु' म्हणजे पू एवढंच आम्हाला कळलं. बाकी काय लिहिलंय ते तिथेच विचारून घ्यायला हवं होतं. गोळ्याही मधेच सोडायच्या नाहीत.

उपचारानंतरही गाठ राहिली, किंवा अंगावर पाजत नसलेल्या बाईला गळू झालं, तर तुकडा काढून तपासायला सांगतात. टीबी किंवा कॅन्सर असाच लपू शकतो.

तिसऱ्या खेपेला जावेच्या सुईत थोडं पाणचट पाणीच आलं. बाळ तेव्हा तिच्या त्याच बाजूला पीत होतं.